थर्मल जाईल, गुत्तेदार राहील

परळीत औष्णिक विद्युत केंद्राला त्या नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे थर्मल म्हणतात. ‘पोरगा थर्मलला आहे’ एवढ्या एका वाक्यावर सोयरीक जुळायची असा एक काळ होता. १९७१ साली इथला पहिला संच सुरू झाला, जेमतेम ३० मेगावॅटचा. नंतर मोठे संच आले, जुने एकेक करून थंडावले, आणि आज २५० मेगावॅटचे तीन उरलेत. बीड जिल्ह्यात कोळसा निघत नाही आणि पाण्याची तर कायमची बोंब. तरीही ज्या कारखान्याला या दोनच गोष्टी डोंगराएवढ्या लागतात, तो इथे बसला. कोळसा रेल्वेने आणायचा, पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून उचलायचं. २०१३च्या दुष्काळात पाणी आटलं तेव्हा थर्मल बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा तेच. धुराडी उभी, पण धूर नाही, हे दृश्य तेव्हा दुष्काळाच्या आकड्यांपेक्षा जास्त बोलकं होतं.

कोळसा जळतो, पण संपत नाही. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. तळ्यात साठवलेली ही राख आसपासच्या गावांत उन्हाळ्याच्या वाऱ्याबरोबर घरात येते, पाण्यावर साय धरावी तशी माठावर बसते, वाळत घातलेल्या धोतराचा रंग बदलते. पुढे वीटभट्टीवाले आणि सिमेंटवाले ही राख मागू लागले आणि फेकून द्यायच्या वस्तूला भाव आला. भाव आला की मालक येतो. राख कुणाच्या टिपरने उचलायची, कुणाला विचारून उचलायची, टिपरमागे किती ठेवायचे, याची एक न लिहिलेली घटना तयार झाली. इतर जिल्ह्यांत वाळूवर राजकारण चालतं, आमच्याकडे राखेवरही चालतं. निवडणुकीचा खर्च कुठून येतो हे परळीच्या रस्त्यावर ज्याने राखेच्या टिपरमागे मोटारसायकल चालवली आहे, त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मग आली पवनचक्की. धूर नाही, राख नाही, पाणी लागत नाही. दुष्काळी जिल्ह्याला याहून चांगलं काय हवं? बालाघाटच्या माळावर वारा फुकट वाहत होता, त्याचे आता पैसे होणार होते. पण ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली गेली आणि त्या वाटेत आडवं आल्याने हा खून झाला, असं तपास यंत्रणेचं आरोपपत्र म्हणतं. खटला न्यायालयात आहे, निकाल न्यायालयच देईल. मला बोलायचं आहे ते खटल्याबाहेरच्या गोष्टीविषयी. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ‘पवनऊर्जा प्रकल्प’ हे शब्द पहिल्यांदा ऐकू आले ते हवामान बदलाच्या बातमीत नव्हेत, तर खंडणीच्या आणि खुनाच्या बातमीत. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

इंधन बदललं की त्याभोवतीचं राजकारण आपोआप बदलतं, असा एक भाबडा समज हरित ऊर्जेच्या समर्थकांत आहे. मीही त्या समर्थकांतलाच एक. कोळसा म्हणजे भ्रष्टाचार, माफिया, विस्थापन. सूर्य नि वारा म्हणजे स्वच्छ, विकेंद्रित, लोकांचं. तंत्रज्ञानाच्या पुस्तकात हे बरोबर असेलही. पण कोळशाभोवती जे गुत्तेदार (म्हणजे ठेकेदार), दलाल, सुरक्षारक्षक पुरवणारे, टिपर लावणारे आणि वरपर्यंत वाटा पोचवणारे जमले होते, त्यांचं पोट कोळशाने भरत नव्हतं. ते भरत होतं जमीन, परवानगी आणि वाहतूक या तीन गोष्टींनी. या तिन्ही गोष्टी सौर प्रकल्पाला लागतात, पवनचक्कीला तर जास्तच लागतात. नव्वद-शंभर टनांचा सांगाडा आणि साठ-सत्तर मीटरची पाती शिवाररस्त्याने न्यायची म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येक गावाची आणि त्या गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याची मर्जी लागते. गुत्तेदाराला इंधनाशी देणंघेणं नसतं.

यात नवीन काही नाही, हे कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. १९२१ची रामनवमी. मुळशीच्या खोऱ्यात मावळ्यांनी टाटांच्या धरणाचं काम थांबवलं. सेनापती बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती या लढ्यात, आणि घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. हे धरण कशासाठी होतं? मुंबईच्या गिरण्यांना विजेसाठी. कोळशाच्या बॉयलरवर चालणाऱ्या, मुंबईचं आकाश काळं करणाऱ्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पावसावरची वीज द्यायची होती. आजच्या भाषेत सांगायचं तर तो अक्षय ऊर्जेचा प्रकल्प होता, कोळशाकडून पाण्याकडे जाण्याचं स्थित्यंतर होतं, आणि स्वदेशी उद्योगाचा अभिमानही त्यात होता. म्हणून तर पुण्या-मुंबईतल्या अनेक सुशिक्षितांना मुळशीकरांचा विरोध म्हणजे प्रगतीच्या आड येणारा अडाणीपणा वाटत होता.

या लढ्यातली एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात येत नाही. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या, मावळे त्या कसत होते. सावकारांनी हिशेब केला: बुडित कर्ज वसूल करत बसण्यापेक्षा कंपनीचा रोख मोबदला बरा. तेव्हा कागदवाल्यांनी तडजोड केली आणि कसणाऱ्याच्या वाट्याला पाण्याखाली गेलेलं शेत आलं. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. मुंबईचा धूर कमी झाला असेल, मुळशीचा मावळा मात्र उठला तो उठलाच. पुढे कोयनेने तेच केलं, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची पुनर्वसनाची प्रकरणं साठ वर्षांनंतरही कचेऱ्यांतून फिरताहेत.

आता धुळे जिल्हा. शिंदखेडा तालुक्यातलं विखरण. इथल्या जमिनी आधी दोंडाईच्याच्या औष्णिक प्रकल्पासाठी घ्यायच्या ठरल्या. नंतर त्याच जागेवर सौर प्रकल्प करायचं ठरलं. म्हणजे कागदावर कोळशाच्या जागी सूर्य आला, जसा आपण सगळीकडे यावा म्हणतो तसाच. पण मोजणी, मोबदला, दलाल, कुणाच्या बांधावर किती झाडं दाखवायची आणि कुणाची नाही दाखवायची, ही सगळी यंत्रणा होती तशीच राहिली. धर्मा पाटील या ऐंशी ओलांडलेल्या शेतकऱ्याला पाच एकरांचे सुमारे चार लाख मिळाले. शेजाऱ्यांना त्याहून कितीतरी जास्त मिळाल्याचं त्यांचं म्हणणं होतं. ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात त्यांनी विष घेतलं, २८ तारखेला गेले. त्याच महिनाभरात मंत्रालयात आणखी एकाने वरून उडी घेऊन जीव दिला. शासनाने काय केलं? मंत्रालयाच्या मधल्या चौकावर जाळी बसवली. मोबदल्याच्या पद्धतीला मात्र असं काही बसवलेलं मला दिसत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे तुमचा सौरऊर्जेलाही विरोध. धरण नको, अणुऊर्जा नको, कोळसा नको, आता सूर्यही नको; मग दिवे कशावर लावायचे, रॉकेलवर? हा टोमणा आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याला उत्तर देण्याआधीच माणूस बचावात जातो. तेव्हा माझी बाजू सरळ सांगतो. दिवसा चालणारी सौर वीज ही या राज्यातल्या शेतकऱ्यासाठी गेल्या तीस वर्षांतली सगळ्यात मोलाची गोष्ट ठरू शकते.

ज्याने रात्री पिकाला पाणी द्यायला दारं धरली आहेत त्याला हे पटवावं लागत नाही. आठवड्यातले काही दिवस दिवसपाळी, काही दिवस रात्रपाळी, ही वेळापत्रकं महावितरणची. पण विंचू, साप, बिबट्या आणि डिसेंबरची थंडी शेतकऱ्याची. माझे मामा रात्री बाराच्या लाइटीला खांद्यावर फावडं आणि हातात बॅटरी घेऊन निघायचे, आणि मामी दाराशी बसून राहायची. कुठल्याही सरकारने लाइट फुकट दिली तरी ती रात्री दिली तर तिची किंमत कुणीतरी देतंच. २०२४च्या जुलैत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली, ४४ लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ आणि वर्षाला १४ हजार कोटींहून जास्त बोजा. मामांना विचारलं तर ते म्हणाले, ‘पैसे घ्या, पण दिवसा द्या.’

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमकी या दुखण्यावर बोट ठेवते. उपकेंद्राच्या जवळ सौर प्रकल्प उभारायचा, त्यातून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. २०१७ साली राळेगणसिद्धीला तिची सुरुवात झाली, २०२३ मध्ये ती मोठ्या प्रमाणात हाती घेतली गेली, आणि २०२४ मधले करार युनिटला २ रुपये ८६ पैसे ते ३ रुपये १० पैसे या दराने झाले. कोळशाच्या नव्या केंद्रातली वीज या भावात कुणी देऊन दाखवावी. खासगी जमीन दिली तर शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं. कोरडवाहू बरड जमिनीला एवढं उत्पन्न पिकवून दाखवणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. विकायची नाही, भाड्याने द्यायची, सातबारा आपल्याच नावावर. विखरणपेक्षा हे शंभर पटीने बरं. एवढं श्रेय द्यायलाच हवं.

अडचण खासगी जमिनीची नाही, गायरानाची आहे. योजनेला वेग यावा म्हणून सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने द्यायच्या ठरल्या. महसूल दप्तरात जी जमीन ‘सरकारी’ ती गावात मोकळी पडलेली असते, असं मुंबईतून दिसतं. गावात तिच्यावर शेळ्या असतात, स्मशान असतं, पारध्यांची पालं असतात आणि मुख्य म्हणजे दोन-तीन पिढ्यांपासून ती कसणारी दलित आणि भटकी कुटुंबं असतात. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह केले, हजारो बाया-माणसं तुरुंगात गेली, ती याच जमिनीसाठी. त्या रेट्यातून पुढे २८ नोव्हेंबर १९९१चा शासन निर्णय आला: १४ एप्रिल १९९०पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीची अतिक्रमणं नियमित करायची. ती किती झाली? मराठवाड्यातल्या कुठल्याही तहसीलसमोर जा, गायरानवाल्यांचं धरणं नाही असा महिना जात नाही. दंडाच्या पावत्या जपून ठेवलेल्या म्हाताऱ्या तिथे भेटतात. दंडाची पावती हाच त्यांचा कब्जाचा पुरावा. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. निकाल होता जमीन बळकावणाऱ्या धनदांडग्यांना चाप लावणारा आणि भूमिहीनांना अपवाद ठेवणारा. आपल्याकडे तो बडगा आधी कुणावर उचलला जातो हे सांगायला नको.

आता या पावतीवाल्या म्हातारीच्या तीन एकरांवर पॅनेल येणार. तिला भाडं नाही, कारण कागद तिचा नाही. हरकत घेतली तर ती विकासविरोधी, आणि आता त्यात भर म्हणून पर्यावरणविरोधीही. मुळशीत कागद सावकाराचा होता, इथे सरकारचा आहे. एवढाच फरक.

या ठिकाणी हवामान चळवळीची परीक्षा आहे, आणि आजवर ती या परीक्षेला बसलेलीच नाही असं माझं मत आहे. पुण्या-मुंबईत शुक्रवारी फलक घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलांविषयी मला आदर आहे. ती जे बोलतात ते खरं आहे. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, आणि २०२५च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात शेतांवरची माती वाहून गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं दाव्यासकट वाहून गेली. एकेका घटनेचं खापर हवामान बदलावर फोडता येत नाही हे मान्य, पण दहा वर्षांत एकाच जमिनीने ही दोन्ही टोकं पाहिली याची भीती ज्याला वाटत नाही त्याने शेती केलेली नाही. तरीही गायरानाच्या धरण्यावर मला हवामान चळवळीतलं कुणी दिसलेलं नाही, आणि हवामानाच्या मोर्चात गायरानवाली म्हातारी दिसलेली नाही.

याच्या उलट बारसू बघा. राजापूर तालुक्यातल्या कातळावर २०२३च्या एप्रिलमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षणाची वाहनं आली तेव्हा बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांच्या तोंडी ‘जीवाश्म इंधन’ हा शब्द नव्हता. आंबा, काजू, मासळी, झरे, आणि ज्यांची नोंद युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाली आहे ती कातळशिल्पं, हे त्यांचं बोलणं होतं. तरीही सहा कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प अडवणं यापेक्षा मोठी हवामान चळवळ महाराष्ट्रात दुसरी कुठली झाली? त्या प्रकल्पात आपल्या तीन सरकारी तेल कंपन्यांबरोबर सौदी अराम्को आणि अबुधाबीची तेल कंपनी अ‍ॅडनॉक यांची भागीदारी ठरली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुबईला जागतिक हवामान परिषद भरली आणि जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा शब्द पहिल्यांदा जगाने कागदावर लिहून दिला. त्या परिषदेचे अध्यक्ष होते सुलतान अल जाबेर, म्हणजे अ‍ॅडनॉकचेच प्रमुख. एप्रिलमध्ये ज्यांच्या प्रकल्पासाठी बारसूच्या बायकांवर अश्रुधूर सुटला, डिसेंबरात त्यांनीच जगाला तेल सोडायला सांगितलं. यावर भाष्य करायची गरज नाही.

आपल्या सरकारची गंमतही कमी नाही. २०२१ साली ग्लासगोला ‘कोळसा बंद करू’ ऐवजी ‘कोळसा कमी करू’ असा शब्द घालून घेण्यात भारत पुढे होता. मला ती भूमिका पूर्णपणे चुकीची वाटत नाही. दोनशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंत झालेल्यांनी आम्हाला तारखा द्याव्यात हे पटण्यासारखं नाही. पण घरात काय केलं ते पाहा. २०१०च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसवला, स्वच्छ ऊर्जेचा निधी उभारायला. २०१६पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि राज्यांचा तुटलेला महसूल भरून काढायला हाच पैसा वळवला गेला. सूर्यासाठी कोळशावर बसवलेली पट्टी जीएसटीच्या खड्ड्यात गेली आणि त्याबद्दल ना सत्ताधारी बोलले ना विरोधक, कारण दोन्हीकडच्या राज्यांना पैसे हवे होते. कोळशाचं खरं बळ हे आहे. खाणवाल्या राज्यांना स्वामित्वधन, रेल्वेला मालवाहतुकीचं उत्पन्न, केंद्राला कर, पक्षांना पैसा. कोळसा आपल्या महसूल व्यवस्थेचा मोठा भाग पोसतो, म्हणून तो जाता जात नाही. २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांनी निम्मा टप्पा ओलांडला, याचे फलक लागले. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे, आणि २०२४-२५ मध्ये आपण शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा खणला. हाही विक्रम म्हणूनच साजरा झाला.

चंद्रपूरला विचारा हा विक्रम काय असतो ते. २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र, भोवती खुल्या खाणी, आणि उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत ठरलेलं नाव. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली औद्योगिक प्रदूषणाचा निर्देशांक काढला तेव्हा देशात चौथा क्रमांक चंद्रपूरचा होता. तिकडे नागपूरजवळ कोराडीला नव्या दोन संचांची जनसुनावणी २९ मे २०२३ रोजी, भर उन्हाळ्यात घेतली गेली. कोळशाच्या बाजूने सहानुभूती दाखवायला माझ्याकडे जागा नाही. पण चंद्रपूर किंवा परळीचं थर्मल उद्या बंद झालं तर कायम कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतील. कंत्राटी कामगाराची बदली होत नसते, त्याचं काम संपतं. ‘न्याय्य स्थित्यंतर’ हा शब्द परिषदांमध्ये हल्ली फार ऐकू येतो. त्या कंत्राटी कामगाराला तो मराठीत समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली तर मला काय सांगता येईल, असा मी विचार करतो आणि थांबतो.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी दिसतात, त्यातल्या दोन सोप्या आहेत.

पहिलं, गावाचा हक्काचा वाटा. खाणीवाल्या जिल्ह्यांत २०१५च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. स्वामित्वधनाच्या प्रमाणात खाणवाला पैसे भरतो आणि ते बाधित भागावर खर्च व्हायचे असतात. ते नीट खर्च होतात असं मी म्हणत नाही, पण हक्क कायद्यात आहे, भांडायला जागा आहे. वारा आणि ऊन यांवर असं काहीही नाही. सौर कृषी वाहिनीत ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तेही तीन वर्षं. करार २५ वर्षांचा, बक्षीस तीन वर्षांचं. प्रकल्प आयुष्यभर वीज विकणार असेल तर युनिटमागे चार पैसे गावाला आयुष्यभर का नकोत? पैसा बक्षीस म्हणून आला की तो सरपंचाच्या मर्जीचा होतो आणि त्याचे फोटो निघतात. हक्क म्हणून आला की त्याचा हिशेब मागता येतो. खंडणीवाल्याला जी पोकळी सापडते ती इथेच: गावाला अधिकृतपणे काहीच मिळत नाही, मग गावाच्या नावाने कुणीतरी अनधिकृतपणे मागतो.

दुसरं, गायरानावर पॅनेल लावण्याआधी १९९१च्या निर्णयाखालची प्रकरणं निकाली काढा. ज्यांचा कब्जा सिद्ध होतो त्यांना तोच हेक्टरी सव्वा लाखाचा दर द्या. भूमिहीन बाईला सूर्यप्रकाशाचं भाडं मिळणं, याहून सुंदर जाहिरात सौरऊर्जेला मिळणार नाही, आणि मग तहसीलसमोरच्या धरण्याचा विरोध गळून पडेल. काम थोडं लांबेल म्हणता? विखरणला घाई केली होती. बारसूच्या आधी तोच तेलशुद्धीकरण प्रकल्प नाणारला आणायचा होता, तिथेही केली होती. २०१९ मध्ये अधिसूचना मागे घ्यावी लागली.

तिसरी गोष्ट अवघड आहे, कारण ती आपल्या जखमेवरची आहे. गावांनी स्वतः वीज तयार करावी, सहकारातून. साखर कारखान्यांच्या चिपाडावर सहवीज करणारं हे राज्य आहे, आपल्याला हे शिकवायला जर्मनीहून कुणी यायला नको. पण सहकाराचं नाव काढलं की जाणकार मुळा-प्रवराची आठवण करून देतात, आणि ती द्यायलाच हवी. श्रीरामपूरच्या या वीज संस्थेने चार दशकं ग्रामीण भागाला वीज दिली. सहकारी तत्त्वावर इतकं मोठं वीजवितरण देशात फारसं कुठे झालेलं नाही. शेवटी थकबाकीच्या डोंगराखाली २०११ साली तिचा परवाना गेला. वसुली करणारे आणि थकवणारे एकमेकांचे मतदार असले की काय होतं, याचा तो धडा. पण तेव्हा वीज विकत घ्यावी लागत होती, इंधनाचा खर्च डोक्यावर होता. गावचं सौर केंद्र एकदा उभं राहिलं की इंधनाचं बिल येत नाही. साताऱ्यात पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम होऊन दाखवलं. एक वाडी म्हणजे राज्य नव्हे हे खरं. मुळा-प्रवरा बुडाली म्हणून मान्याचीवाडीला कर्ज नाकारायचं आणि बुडणाऱ्या खासगी वीज कंपन्यांना मात्र पुन्हा पुन्हा वाचवायचं, हा न्याय मला कळत नाही. दाभोळचा एन्रॉन वीज प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू म्हणणाऱ्यांनी सत्तेवर आल्यावर त्याच कंपनीशी नवा करार केला होता, हे विसरण्याइतके आपण म्हातारे झालेलो नाही.

दोन वर्षांपूर्वी गावाकडच्या एका चुलतभावाने मला एक कागद दाखवला. त्याच्या माळावर पवनचक्की बसणार होती. तीसेक पानांचा करार, पानापानावर त्याची सही, आणि सगळा मजकूर इंग्रजीत. एजंटाने बोनेटवर ठेवून सह्या घेतल्या होत्या. मी वाचत गेलो. पाया किती खोल, रस्ता किती रुंद, कंपनीने करार दुसऱ्याला विकला तर काय, सगळं होतं. त्याने एकच विचारलं, ‘पंचवीस वर्षांनी हे खांब कोण उतरवणार? खाली एवढं सिमेंट ओतणारेत, ते कोण काढणार?’ मी सगळी पानं पुन्हा चाळली. त्या करारात त्यावर एक ओळ होती, आणि ती वाचून मला जे समजलं ते त्याला सांगायला मी बराच वेळ शब्द शोधत होतो. उतरवण्याचा खर्च ‘उभयपक्षी चर्चेने’ ठरणार होता. तोवर चहा आला होता. तो म्हणाला, ‘म्हंजे मीच.’